हर्डल्स ही उड्यांची शर्यत नव्हे

समाजमाध्यमांवर वारंवार फिरणारे एक विधान असे की, हर्डल्स, म्हणजे वाटेतले अडथळे ओलांडत धावायची शर्यत, ही उड्यांची शर्यत असून ती उंच माणसांनाच जमते, अडथळा पडला की धावक बाद होतो, आणि आपला महाराष्ट्राचा धावक अविनाश साबळे याच शर्यतीत धावतो. मैदानावर नव्याने येणारी मुले हे खरे धरून चालतात, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर द्यायला हवे.

पुरुषांच्या 110 मीटर शर्यतीत 1.067 मीटर उंचीचे दहा अडथळे असतात. पण धावक त्यांवरून उडी मारत नाही, धावेतलेच एक लांब पाऊल टाकतो. हवेत वेग वाढवता येत नाही, त्यामुळे गरजेपेक्षा वर जाणे म्हणजे वेळ घालवणे. चांगल्या धावकाला बाजूने पाहावे: अडथळ्याच्या साधारण दोन मीटर आधीच पाय जमीन सोडतो, पुढचा गुडघा उचलला जातो, छाती मांडीकडे झुकते, मागचा पाय बाजूला दुमडून काखेखालून पुढे येतो, आणि डोके मात्र जवळजवळ एकाच पातळीत सरकत राहते.

उंचीचे म्हणाल, तर दोन अडथळ्यांत 9.14 मीटर अंतर असते. त्यातले तीन-साडेतीन मीटर अडथळा ओलांडण्यातच जातात आणि उरलेल्या जागेत तीन पावले बसवायची असतात, म्हणजे पाऊल जेमतेम दोन मीटरांचे; लांब पायांच्या धावकाची इथे उलट कोंडीच होते. महिलांच्या 100 मीटर शर्यतीत 2022 साली अमेरिकेतल्या युजीन येथे 12.12 सेकंदांचा विश्वविक्रम करणारी नायजेरियाची टोबी अमुसान चांगलीच ठेंगणी आहे.

अडथळा पडण्याच्या समजाला मात्र जुना आधार आहे. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आयर्लंडच्या बॉब टिस्डलने 400 मीटर हर्डल्सचे सुवर्ण जिंकले, पण शेवटचा अडथळा पाडल्याने त्याची वेळ विश्वविक्रम म्हणून धरली गेली नाही. आज अडथळा हाताने, अंगाने किंवा पुढच्या पायाच्या वरच्या बाजूने पाडला तर धावक बाद होतो. एरवी ओलांडताना पाय लागून तो पडला, एवढ्यावरून नव्हे. अडथळ्याचा तळ धावकाच्या बाजूला ठेवतात तोही धक्का लागताच तो पुढे कलंडावा म्हणूनच.

साबळे 3000 मीटर स्टीपलचेस धावतो. तिथले जड अडथळे पडत नाहीत, त्यांवर पाय ठेवता येतो आणि पाण्याचा खड्डाही ओलांडावा लागतो. हर्डल्समधले महाराष्ट्राचे नाव घ्यायचेच तर तेजस शिरसेचे घ्यावे, ज्याने 2024 मध्ये फिनलंडमध्ये 13.41 सेकंद वेळ देऊन मुंबईच्या सिद्धांत थिंगलायाचा 13.48 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला.