‘सगळे हेच नेतात’

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. बाळाच्या शी-शूचा विषय ज्यांना जेवताना नको वाटतो त्यांनी आधी जेवून या.

संध्याकाळी सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आणायला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले होते. माझ्यापुढे एक मुलगा उभा होता. सव्वीस-सत्तावीसचा असेल, पाठीला ऑफिसची बॅग, हातात हेल्मेट, डोळ्यांखाली नव्या बापाची काळी वर्तुळं. काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, “बाळाला खाली रॅश आलाय. दोन आठवडे झाले, जातच नाहीये. काहीतरी द्या ना.” बाळ केवढं आहे, रॅश कसा दिसतो, काही म्हणजे काही विचारलं नाही हो त्या मेडिकलवाल्याने. मागे न बघताच हात ड्रॉवरमध्ये गेला आणि ट्यूब काउंटरवर.

ती ट्यूब मी चार फुटांवरून ओळखली. चार वर्षांत खोक्याचा रंग बदललाय, आतला माल तोच.

न राहवून म्हटलं, “अहो, लहान बाळाला ही नका देऊ, यात कडक स्टिरॉइड आहे.” तर माझ्याकडे बघून हसला. ‘आल्या ताई गूगल वाचून’ वालं हसू, तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचं आहे ते. म्हणतो, “मॅडम, सगळे हेच नेतात.” आणि तो मुलगा बिचारा कसनुसा होऊन म्हणाला, “आईने हीच आणायला सांगितलीय.” स्कॅन केलं, पैसे मिळाल्याचा आवाज झाला, गेला. मी गोळ्या हातात घेऊन तिथेच. मागे धावत जायला हवं होतं. नाही गेले. लोक काय म्हणतील, असं वाटलं. बेचाळिसाव्या वर्षीही वाटतं हे, काय करणार.

तर त्या ट्यूबची आणि माझी ओळख.

माझी लेक जूनची. बाळंतपणाला मी माहेरी, चिपळूणला. कोकणातला जुलै ज्यांनी काढलाय त्यांना लंगोटांची कथा सांगायला नको. माजघरात दोऱ्या, दोऱ्यांवर लंगोट आणि दुपटी, खाली शेगडी, वरून आईची इस्त्री, आणि एवढं करून हाताला गारच लागायचं. लेक पाच आठवड्यांची असताना तिचं बूड लाल दिसायला लागलं. आधी गुलाबी, मग लाल, मग असं लाल की लंगोट सोडताना माझाच हात थरथरायचा. पाणी लागलं की ती जे किंचाळायची ते पलीकडच्या वाडीत ऐकू जायचं.

आणि घरात चौकशी समिती बसली.

आई म्हणाली, तू लोणचं खाल्लंस, ते दुधातून उतरलं. आत्याने वेखंडाची पूड पाठवली. वहिनीने पावडरचा डबा आणला आणि पांढरा धूर होईपर्यंत शिंपडली. आंघोळ घालायला येणाऱ्या मावशींनी डाळीचं पीठ जास्तच चोळलं, कारण कातडी ‘चिवट’ व्हायला हवी म्हणे. सासूबाईंनी ठाण्याहून व्हिडिओ कॉलवर निकाल दिला, “रात्री डायपर घालत असशील, मग होणारच.” मी म्हटलं, डायपर घालतच नाही, लंगोटच आहेत. तर म्हणतात, “मग तेच. हल्लीच्या मुली लंगोट नीट धुवत नाहीत.”

कळलं का? डायपर घातला तरी मी, नाही घातला तरी मी.

आईने एका रात्री मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली. (या सगळ्यात ही एकच गोष्ट, जिने काही बिघडलं नाही.)

मग शनिवारी नवरा आला तो खिशात ट्यूब घेऊन. ऑफिसातल्या मित्राच्या बाळाला ‘दोन दिवसांत गायब’ झालेलं. आणि खरंच, आमच्याही दोन दिवसांत गायब! आम्ही तर देवापुढे साखर ठेवली. चौथ्या दिवशी परत आला. परत ट्यूब. परत गेला. परत आला, या वेळी जांघेपर्यंत. परत ट्यूब. असे पाच आठवडे. आणि लावत कोण होतं? मीच. माझ्या बोटाने, दिवसातून तीनदा, ‘गेलं गं माझं सोनं, गेलं’ म्हणत.

हे टाइप करतानाही पोटात खड्डा पडतोय.

दहा आठवड्यांच्या लसीला डॉक्टरांकडे नेलं तेव्हा पाऊस धो धो आणि लाइट गेलेली. म्हातारे डॉक्टर, तिथले बालरोगतज्ज्ञ. त्यांनी लेकीला उचललं आणि सरळ खिडकीपाशी नेलं. उजेडात तिचे पाय अलगद फाकवून जांघेतली एकेक घडी उघडून बघितली. पाच आठवड्यांत दहा माणसांनी त्या रॅशवर मत दिलं होतं, घडी उघडून बघितलेले हे पहिले. मला म्हणाले, इकडे या, बघा. शी-शूने होणारा साधा रॅश उंचवट्यावर असतो, जिथे ओला कपडा घासतो तिथे. घडीच्या आत तो सहसा शिरत नाही. हा आत खोलवर आहे, गडद लाल, आणि मुख्य चट्ट्यापासून सुटी सुटी ही बारीक पुटकुळ्यांची पिलावळ दिसतेय ना, ही बुरशी. कँडिडा. मग लेकीचं तोंड उघडलं. जिभेवर आणि गालांच्या आत पांढरं. मी म्हटलं, दूध आहे ते. त्यांनी ओल्या गॉजने पुसलं. दूध असतं तर निघालं असतं. निघालं नाही.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि तुम्हाला? पाजताना दुखतं का?”

मला सिझरच्या टाक्यांत पू झाला होता, त्यासाठी अँटिबायोटिक्सचा मोठा कोर्स झालेला. तेव्हापासून पाजायला घेतलं की काचा खुपसल्यासारखं व्हायचं. कुणाला सांगितलं नव्हतं. पहिलटकरणीला दुखतंच, असं समजून दात आवळून बसायचे. मी ‘हो’ म्हटलं आणि तिथेच रडायला लागले. बाहेर दोन बाया आपापली बाळं घेऊन बसलेल्या, त्यांच्यासमोर.

अँटिबायोटिकने चांगले जंतूही मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. माझ्याकडून तिच्या तोंडात, तिच्या तोंडाकडून मला, पोटातून खाली बुडाला, आमचं असं चक्र चाललेलं. लोणच्याचा काही संबंध नव्हता. (आईला फोन करून सांगितलं होतं. तिला अजून पटलेलं नाही.)

“काय लावता?” मी पर्समधून ट्यूब काढून दिली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ती बारीक अक्षरं वाचली. क्लोबेटासॉल. स्टिरॉइडच्या मलमांतलं सगळ्यात जबरं. सोबत एक अँटिबायोटिक, सोबत बुरशीचं औषध. म्हणजे कसं, काय झालंय ते बघायचंच नाही, तीन-चार औषधांची मिसळ करून द्यायची, काहीतरी लागू पडेलच. स्टिरॉइडने लाली दबते. लाली दबली की आपल्याला वाटतं बरं झालं, आणि खाली बुरशी निवांत पसरते. त्यात तान्ह्या बाळाची कातडी पातळ, आणि वर लंगोट, त्यावर मेणकापड. डॉक्टर म्हणाले, कढईवर झाकण ठेवल्यासारखं होतं ते, सगळं आत मुरतं. फार दिवस लावलं तर कातडी विरते आणि औषध रक्तातही जातं. बाळाचं तोंड गोल गोल होतं, गाल भरतात, वाढ मागे पडते.

“आणि घरचे म्हणतात, कसं छान बाळसं धरलंय.”

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. माझ्या लेकीला तसं काही झालं नाही, नशीब माझं. पण त्या दिवशी घरी येऊन मी तिचे गाल कितीतरी वेळ बघत बसले होते.

आता ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांच्यासाठी, आमच्याकडे काय झालं ते सांगते. ट्यूब बंद. पावडर बंद, तो धुरळा बाळाच्या श्वासात जातो. वेखंड, डाळीचं पीठ, सुगंधी वाइप्स, सगळं बंद. नुसत्या कोमट पाण्याने धुवायचं आणि मऊ सुती कापडाने टिपायचं, पुसायचं नाही. ‘पुसणं’ आणि ‘टिपणं’ यातला फरक मी तेव्हा शिकले. फक्त बुरशीचं साधं मलम पातळ, आणि त्यावर झिंकचं मलम चांगलं जाडसर, भाकरीवर लोणी थापतात तसं. दर वेळी ते खरवडून काढायचं नाही, वरची घाण तेवढी काढायची आणि वरून परत थर. लेकीच्या तोंडात औषध, मलाही औषध, दोघींना एकाच वेळी, नाहीतर चक्र परत सुरू. शी झाली की लगेच बदलायचं, मग रात्रीचे तीन का असेनात. शू एकटी फार त्रास देत नाही म्हणे, पण शी-शू एकत्र बसून राहिल्या की शूचा अमोनिया होतो, कातडीचा आंबटपणा जातो आणि मग शीतले पाचक रस कातडीच पचवायला घेतात. आणि दिवसातून जमेल तितका वेळ बूड उघडं, दुपट्यावर.

हां, उघडं ठेवा हे माझी आजीसुद्धा सांगायची. मान्य. तेवढं बरोबर होतं तिचं.

चार दिवसांत लेक आंघोळीला हसायला लागली. तरी डॉक्टरांनी रॅश दिसेनासा झाल्यावरही मलम आणखी काही दिवस लावायला सांगितलं होतं, ते पूर्ण केलं.

आता कॉमेंटमध्ये येणाऱ्यांना आधीच सांगते. स्टिरॉइड म्हणजे विष नाही, डॉक्टर कधी कधी अगदी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन थोडे दिवस देतात, माहितीये मला. ते डॉक्टरने बघून दिलेलं असतं. आणि डायपर विरुद्ध लंगोट हे युद्ध कृपा करून माझ्या भिंतीवर नको. माझ्या लेकीला लंगोटात झालं. ठाण्याला आल्यावर रात्री डायपर घालायला लागले, तर कोरडी राहायची ती, काही झालं नाही. बारा-बारा तास तोच डायपर ठेवणाऱ्यांनी मात्र यातून शाबासकी घेऊ नये.

मेडिकलवाल्याची बाजू? आहे, थोडी आहे. डॉक्टर पाचशे घेतात, ट्यूब शंभराच्या आत येते, आणि रात्री साडेनऊला मेडिकलच उघडं असतं. बरं. पण त्या ट्यूबवर छापलेलं असतं की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. 2018 मध्ये केंद्र सरकारने आणखी 14 स्टिरॉइड मलमांना चिठ्ठी सक्तीची केली, त्वचारोगतज्ज्ञ किती वर्षं ओरडत होते तेव्हा कुठे. आणि आमच्या कोपऱ्यावर काय चाललंय? ‘सगळे हेच नेतात.’ अरे, नेतात कारण तू देतोस! दोन आठवडे न जाणारा रॅश आहे म्हटल्यावर ‘डॉक्टरला दाखवा’ एवढे दोन शब्द जड झाले तुला? दोन-तीन दिवस नीट काळजी घेऊन गेला नाही तर दाखवायचा असतो. फोड, पू, ताप असेल तर त्याच दिवशी.

नवरा मागे उभा राहून वाचतोय. म्हणतो, “मला खलनायक केलंस.” नाही रे. तू रात्रीच्या एसटीने सहा तास उभा राहून आला होतास ती ट्यूब घेऊन, मला माहीत आहे. आजचा तो मुलगाही तसाच असेल, ऑफिसातून सुटून थेट. म्हणून तर त्याच्यावर राग येत नाहीये. त्याच्या आईवरही नाही. तिलाही कुणीतरी सांगितलेलं असणार, दोन दिवसांत गायब.

ठाण्यातल्या मंडळींनो, शेअर करा. राखाडी हेल्मेट, काळी बॅग, आज सात-सव्वासातची वेळ. कुणाच्या ओळखीचा निघाला तर सांगा त्याला, मेडिकलमध्ये मधेच बोलणारी ती बाई वेडी नव्हती. ट्यूब उघडू नकोस. बाळाला सकाळी खिडकीशी ने, घड्यांमध्ये बघ, तोंडात बघ आणि डॉक्टरकडे जा. आणि बायकोला विचार, तिला दुखतंय का.

मला उद्या परत त्याच काउंटरवर जायचंय. भांडणाच्या नादात सासूबाईंच्या गोळ्या पंचवीसच्या ऐवजी पन्नासच्या आल्यात.