‘दारू सोडायला मिटिंग कशाला?’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गटारी जवळ आली की हा मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हमखास येतो. यंदा दोनदा आला. थोडक्यात असा: दारू सोडायला फक्त निर्धार लागतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मिटिंगा म्हणजे बेवड्यांचं रडगाणं. तिथे हळूच ख्रिस्ती करतात, पैसे काढतात, गावभर नाव होतं. त्यापेक्षा आमटीत कालवायची पूड द्या, माणूस आठ दिवसांत सुधारतो. माझा थोरला भाऊ ए.ए.मध्ये आहे. त्याला विचारूनच लिहितोय.

आधी निर्धाराचं बघू, कारण सगळा मेसेज त्यावरच उभा आहे. दादाइतका निर्धारी माणूस मी पाहिलेला नाही. आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथा झाल्या, पंढरपूरला जाऊन माळ झाली. श्रावण तर दरवर्षी कोरडा, थेट गणपती उठेपर्यंत. ‘व्यसन असतं तर दीड महिना सुटली असती का?’ हा त्याचा हुकमी सवाल. आम्हीही गप्प बसायचो. मग गणपती पाण्यात गेले की मागोमाग दादाही.

मिटिंगमध्ये त्याच्याकडून कुणी जन्मभराची शपथ मागितली नाही. आज, फक्त आज, पहिला पेग घ्यायचा नाही, एवढंच. दहावा नव्हे, पहिला, कारण पुढचे नऊ त्याच्या हातात नसायचे. शपथ मोडली की ‘आता मोडलीच आहे तर’ म्हणून आठवडाभर पिणारा माणूस ज्यांनी घरात पाहिलाय, त्यांना यातला फरक सांगावा लागणार नाही.

आणि रोज भरपूर पिणाऱ्याने निर्धार करून एका रात्रीत बंद करणं जिवावर बेतू शकतं. हात थरथरतात, फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भास आणि भ्रम सुरू होऊ शकतात. अशा वेळी आधी डॉक्टर. मिटिंग म्हणजे दवाखाना नव्हे, आणि तिथे जातो म्हणून डॉक्टरांची औषधं बंद करायची नसतात.

रडगाणं? मी ओपन मिटिंगला गेलो होतो. तिथे घरच्यांना, कुणालाही बसता येतं; क्लोज्ड मिटिंग फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांची. शाळेचा वर्ग, भिंतीवर बाराखडी, आणि तिसरीच्या बाकांत गुडघे न मावणारे बाप्ये. एकेक जण नाव सांगून ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणतो, आपलं सांगतो. मध्ये कुणी सल्ला देत नाही. कोण काय बोललं ते मी लिहिणार नाही, तो तिथला शिरस्ता आहे. पण आमच्या लग्नाच्या पंगतीतही इतकं हसणं मी ऐकलेलं नाही.

ही पद्धत निघाली 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात. बिल विल्सन शेअर बाजारातला, बॉब स्मिथ सर्जन. दोघेही दारूपुढे हरलेले. एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशी खरं बोलला की त्या दिवसाची तलफ निभावते, हे त्यांना सापडलं. 2020 साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने 27 अभ्यास, 10 हजारांवर माणसं एकत्र तपासली. ए.ए.कडे नेणाऱ्या उपचारांत वर्षानंतर पूर्ण कोरडे राहिलेले सुमारे 42 टक्के, इतर उपचारांत 35. म्हणजे जादू नाही, पण रडगाणंही नाही.

धर्मांतराच्या आरोपात खऱ्याचा कण आहे. ए.ए.ची मुळं एका ख्रिस्ती चळवळीत आहेत, आणि काही मिटिंगा चर्चच्या हॉलमध्ये भरतात. शेवटी प्रार्थनाही होते. मला ती जरा अवघड वाटली. पण दारू सोडण्याच्या त्यांच्या ज्या पायऱ्या आहेत, त्यांतला ईश्वर ‘ज्याला जसा उमगला तसा’ आहे. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा पुरते. दादाची माळ गळ्यात तशीच आहे.

पैसे: फी नाही. पिशवी फिरते, वाटलं तर टाका. बाहेरच्यांची देणगी ते घेतच नाहीत.

नाव होतं म्हणे! अहो, नाव गल्लीला आधीच ठाऊक होतं. गटारातून उचलून आणणारे तेच होते.

पुडीबद्दल मात्र हसू येत नाही. अशा पुडीत काय असतं ते विकणाराच जाणे. डायसल्फिरामसारखं दारू सोडवायचं औषध न सांगता दिलं आणि वर माणूस प्यायला, तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं, प्रसंगी मृत्यू. खरं औषध डॉक्टर माणसाला सांगून, त्याच्या संमतीने देतात.

मिटिंग शोधायची तर ए.ए.च्या भारतातल्या संकेतस्थळावर पाहा किंवा त्यांच्या हेल्पलाइनला फोन करा. मराठी मिटिंग कुठली, ओपन कुठल्या दिवशी, हे विचारून घ्या. सरकारी 14446 व्यसनासाठी आहे, 14416 मानसिक आरोग्यासाठी. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं. वहिनी तिकडे जाते, आणि काय बोलते ते दादाला सांगत नाही.

पहिला गट पटला नाही तर दुसरा बघा. दादाला पहिल्या ठिकाणी करमलंच नाही, तीनदा जाऊन सोडलं, मध्ये पुन्हा प्यायला. बाराखडीवाला वर्ग दुसरा. तिथली किल्ली आता त्याच्याकडे असते. अर्धा तास आधी जाऊन तो बाकं ओढतो, आणि दाराशी कुणी आत यावं की नको अशा घोटाळ्यात उभं असलं तर चहाचा कप पुढे करतो.