सही कुणाची नाही? – ‘खाडीकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

खाडीकरदादा, नमस्कार.

जुनी बोट घेताना बघायच्या कागदांवर मी मागच्या महिन्यात लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच झाडलंत. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मी शहरी बाबूसारखा लिहितो, कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या सौदे शब्दावर झाले, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केली की पुरे, आणि माझ्या ‘कागद अपुरे असतील तर व्यवहार सोडा’ या वाक्याप्रमाणे चाललं तर दिवाळे गावापासून उत्तनपर्यंत एकही जुनी बोट विकली जाणार नाही.

शेवटचा मुद्दा मान्य. ते वाक्य चुकलंच. कागद पूर्ण असलेली जुनी बोट मीच आयुष्यात दोन-तीनदा पाहिली असेल. लिहायला हवं होतं ते असं: कागद कोणता नाही ते नंतर बघा, आधी सही कुणाची नाही ते बघा. आरसी, म्हणजे बोटीचा नोंदणी दाखला, हरवली असेल, पण ज्याच्या नावावर बोट आहे तो समोर बसून चहा पितोय, तर पोलिसांत तक्रार, प्रतिज्ञापत्र, दुय्यम प्रत, चार हेलपाटे, झालं काम. उलट फाइल जाडजूड आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळं नीट ठेवलंय, पण नावाचा माणूसच हयात नाही, तर ती फाइल रद्दी.

बाबू म्हणालात त्याचं मात्र हसू आलं. मी सारसोळ्याचा. वडील खाडीत डोल जाळं लावायचे आणि मी नऊ वर्षं मच्छिमार संस्थेच्या दप्तरात लिहीत बसलो. तरीही फसलो, ते सांगतो.

२०१६चा पावसाळा. १ जून ते ३१ जुलै बंदी, बोटी वर ओढून शाकारलेल्या. जुन्या बोटींचे सौदे याच दिवसांत होतात, कारण बोटीचं पोट तेव्हाच नीट दिसतं. मी आणि माझ्या आतेभावाने एक लाकडी बोट बघितली. फळ्या ठोकून बघितल्या, इंजिन चालू करून बघितलं, नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, नवा रंग होता त्याचंही कौतुक केलं. विकणारा ओळखीचा. आरसी त्याच्या थोरल्या भावाच्या नावावर, पण भावाने त्याला कुलमुखत्यारपत्र दिलेलं. भाऊ आदल्या वर्षी गेला होता, हे आम्हाला माहीत होतं. मी तर त्याच्या दहाव्याला गेलो होतो! तरी डोक्यात उजेड पडला नाही. स्टॅम्प पेपर झाला, नोटरी झाली, चार लाख वीस हजार दिले.

आता नोटरी काय करतो, तर समोरच्या माणसाने सही केली एवढं सांगतो. त्या माणसाला बोट विकायचा हक्क होता का, हे बघणं त्याचं काम नाही. आणि देणारा वारला की कुलमुखत्यारपत्र संपतं, हे १८७२च्या करार कायद्यात आहे. त्याला अपवाद आहेत, पण आमचं प्रकरण त्यात बसत नव्हतं. ज्याच्याकडे जेवढा हक्क तेवढाच तो पुढे देऊ शकतो. आमच्या विकणाऱ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून आम्हालाही काही मिळालं नाही. त्याने फसवलं असं मी म्हणत नाही. त्यालाही हेच वाटत होतं.

मत्स्यव्यवसायच्या कार्यालयात नाव बदलायला गेलो तेव्हा तिथल्या माणसाने एकच प्रश्न विचारला, ‘वारस किती?’ विकणाऱ्याच्या वहिनीने दोन दिवसांत सही दिली, पुतण्यानेही दिली. राहिली त्याची म्हातारी आई. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात बायको, मुलगा, मुलगी यांच्याबरोबर मेलेल्या माणसाची आईसुद्धा पहिल्या वर्गाची वारस असते, वाटा सगळ्यांना सारखा. ती उरणला लेकीकडे राहायची आणि धाकट्यावर, म्हणजे आमच्या विकणाऱ्यावर, घराच्या वाटणीवरून रुसलेली. आम्ही पेढे घेऊन गेलो. तिने पेढे घेतले, शेजारच्या पोरांना वाटले आणि म्हणाली, आधी घराचं बोला, मग होडीचं. चौदा महिने! तेवढ्यात बोट उन्हात वाळून सांध्यांतला कापूस बाहेर आला. शेवटी माझी आत्या तिच्याकडे तीन दिवस राहून आली, तेव्हा अंगठा मिळाला.

म्हणून, दादा, शब्दाला किंमत नाही असं मी म्हणत नाही. आमच्या विकणाऱ्याने शब्द पाळलाच, पैसे घेऊन पळाला नाही. पण शब्द त्याचा होता आणि बोट तिघांची.

माझी एक चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगतो. मी लिहिलं होतं, मालक वारला असेल तर सक्सेशन सर्टिफिकेट मागा. ते चूक. ते सर्टिफिकेट येणी आणि रोख्यांसाठी असतं, म्हणजे बँकेतले पैसे, शेअर वगैरे. होडीसाठी दिवाणी कोर्टाचा वारस दाखला. आपल्याकडे तो अजूनही १८२७च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो. घरात वाद नसेल तर सगळ्या वारसांच्या ना-हरकतीवर काम भागतं का, हे पैसे देण्याआधी त्याच कार्यालयात विचारून घ्या.

तुमचा दुसरा टोला: ‘आरसीची झेरॉक्स चालते, मूळ कोण देतं?’ नऊ वर्षं ज्या कपाटाशेजारी बसलो ते डोळ्यांसमोर आलं. खालच्या कप्प्यात मूळ आरसींचा गठ्ठा असायचा, सुतळीने बांधलेला. एनसीडीसीचं, म्हणजे राष्ट्रीय सहकारी विकास निगमचं, कर्ज संस्थेमार्फत घेतलेल्या त्या बोटी, हप्ते थकलेले. मालक झेरॉक्स घेऊन सौदे करत फिरायचे. झेरॉक्स दाखवली की मूळ कुठे आहे एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडे बघा. संस्थेचा बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा कागद, सगळ्यात आधी मागायचा, डिझेलची उधारी धरून.

आणि नाळेवरचा नवा रंग. सकाळी तिरकं ऊन पडतं तेव्हा बघा, नव्या रंगाखाली जुन्या आकड्यांचे उंचवटे दिसतात. आयएनडी-एमएचने सुरू होणारा नंबर आरसीशी जुळतो का बघा, मग रॉकेलचं फडकं घेऊन इंजिनच्या ब्लॉकवरचा नंबर पुसून वाचा. इंजिन बदललेलं असणं हा गुन्हा नाही, पण नव्या इंजिनचं बिल हवं आणि नोंदीत तो बदल हवा. २६/११ला अतिरेकी ‘कुबेर’ नावाच्या मासेमारी बोटीचा ताबा घेऊन आले, तेव्हापासून समुद्रात कागद बघतात ते काटेकोर बघतात.

नाव दप्तरात नसल्याचा खरा फटका आपल्या भागात कुठे बसतो माहितीय? भरपाईत. अटल सेतूच्या वेळी बाधित मच्छिमारांना भरपाई मिळाली, तेव्हा आमच्या आळीत एकाने बारा वर्षं चालवलेल्या बोटीवर जुन्या मालकाच्या मुलाने हक्क सांगितला. नोटरीचा कागद होता, पिवळा पडलेला. दोघं आजही एकमेकांशी बोलत नाहीत.

पैशाचं म्हणाल तर माझा आता एकच हट्ट असतो: निदान तिसरा हिस्सा नाव बदलल्यावर. यावर तुम्ही लिहिलंत, ‘असा कोण विकणारा थांबतो?’ जो थांबत नाही त्याचं कारण विचारावं.

तुमच्या भाच्याला फ्लेमिंगो दाखवायला माणसं न्यायची आहेत ना? मासेमारीची नोंद असलेल्या होडीत पैसे घेऊन माणसं नेता येत नाहीत. त्यासाठी मेरीटाइम बोर्डाकडे तपासणी, परवाना, सगळं वेगळं. होडी घेण्याआधी त्याला तिकडे पाठवा.

शेवटी तुम्ही लिहिलंय की चेंदणीतली एक फायबरची होडी बघून ठेवलीय, मालक वारले, मुलगा एकुलता एक, तोच विकतोय, ‘मग अडचण कसली?’ एकुलता एक मुलगा, ठीक. बहिणी किती? आई आहे? आणि वडिलांची आई?