मासे वाढवले की सिक्लिडांची भांडणे खरोखर थांबतात का?

उन्हाळा तोंडावर आला की नागपुरातल्या मासे पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. यंदा तो मला तीन ओळखीच्या माणसांकडून आला. त्यात चार सूचना आहेत. सिक्लिड (हद्दीसाठी भांडणारे शोभेचे मासे) एकमेकांना मारत असतील तर टाकीत आणखी मासे सोडा, कारण गर्दीत कोणी कोणाच्या मागे लागत नाही. पाणी काचेसारखे दिसते तोवर बदलू नका, आटले तेवढेच वरून भरा. फिल्टर महिन्यातून एकदा नळाखाली स्वच्छ धुवा. पाणी तापले तर बर्फ टाका. यातली पहिली सूचना अर्धी खरी आहे आणि म्हणूनच तिच्या आधाराने उरलेल्या तीनही खपून जातात. पहिलीने टाकीतली घाण वाढते, दुसरीने ती साठून राहते आणि तिसरीने ती पचवणारी यंत्रणाच नष्ट होते, त्यामुळे या चारही गोष्टी एकाच टाकीत केल्या तर मासे मरतात.

पहिल्या सूचनेचे मूळ आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या खडकाळ किनाऱ्यांवर राहणाऱ्या एमबुना सिक्लिडांमध्ये आहे. यांचा नर एखादी कपार आपली मानतो आणि जवळ येणाऱ्याला, त्यातही आपल्याच जातीच्या किंवा आपल्यासारख्या रंगाच्या नराला, हाकलून लावतो. टाकीत चारच मासे असतील तर त्याचा सगळा राग सर्वांत दुबळ्या माशावर निघतो. मासे अधिक असतील तर तो राग वाटला जातो, हे खरे आहे. डेमासोनीसारखी एमबुनांची जात म्हणूनच दोन-चार नव्हे, तर बारा किंवा त्याहून अधिक माशांच्या गटात ठेवतात. मात्र हा नियम सगळ्याच सिक्लिडांना लागू होत नाही. ऑस्कर हा सिक्लिड दक्षिण अमेरिकेतला, तर फ्लॉवरहॉर्न हा माणसाने तयार केलेला संकर. फ्लॉवरहॉर्नच्या टाकीत गर्दी केली तर तो एकेकाला संपवतो, आणि पिल्ले राखणाऱ्या कन्व्हिक्ट सिक्लिडच्या जोडीसमोर नवे मासे सोडणे म्हणजे त्या माशांना मरायला सोडणेच होय. एमबुनांमध्येसुद्धा एका नरामागे किमान तीन-चार माद्या हव्यात, नाहीतर नर एकाच मादीला दिवसभर पिटाळत राहतो. मादी अंडी तोंडात धरून तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहते, त्या काळात तर तिला लपायला जागा मिळायलाच हवी. संदेशात जातीचा, नर-मादीच्या प्रमाणाचा आणि दगडांच्या रचनेचा उल्लेखसुद्धा नाही. भांडण कमी होते ते एका माशाला दुसरा सतत दिसत नाही तेव्हा, म्हणजे दगडांचे ढीग पाण्याच्या वरच्या थरापर्यंत नेऊन मधली नजर तोडली तर. नवा मासा सोडायचा असेल तर आधी दगड हलवून जुन्या हद्दी मोडाव्यात आणि त्या रात्री दिवा बंद ठेवावा, याने जो फरक पडतो तो नुसत्या गर्दीने पडत नाही.

गर्दीचा खरा हिशेब पाण्यात द्यावा लागतो, आणि दुसरी सूचना तो टाळते. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही तिन्ही द्रव्ये रंगहीन आहेत, त्यामुळे पाणी काचेसारखे दिसण्याचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही. शेवटचे नायट्रेट साध्या फिल्टरमधून बाहेर पडत नाही, ते पाणी बदलूनच काढावे लागते. समजा एका टाकीत आठवड्याला लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट तयार होते. दर आठवड्याला निम्मे पाणी बदलले तर बदलण्याच्या दिवशी पातळी २० च्या आसपास स्थिरावते, पाव भाग बदलले तर ४० वर जाते, आणि काहीच बदलले नाही तर आठ आठवड्यांत ८० होते. आता मासे दुप्पट करा, खाणेही दुप्पट होईल. तेव्हा तेच निम्मे पाणी बदलूनही पातळी ४० राहील. भांडण कमी करण्यासाठी मासे वाढवणाऱ्याने फिल्टर आणि पाणी बदलणेही त्याच प्रमाणात वाढवले पाहिजे, आणि अनुभवी मंडळी गर्दीच्या एमबुना टाकीत आठवड्याला तीस ते पन्नास टक्के पाणी बदलतात ते याच कारणाने.

वरून पाणी भरणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. मे महिन्यात टाकीतून वाफ होऊन जाते ते केवळ पाणी, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात, आणि बोअरच्या प्रत्येक बादलीने त्यात नव्या क्षारांची भर पडते. काही जण आर.ओ. बसवणाऱ्याकडची पेनासारखी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारी) बुडवून समाधान मानतात, पण ती अमोनिया दाखवत नाही. त्यासाठी थेंबांचे टेस्ट किट लागते. पेंच किंवा कन्हानचे नळाचे पाणी वापरणाऱ्यांनी ते बादलीत घेऊन त्यात अँटी-क्लोरीन मिसळल्याशिवाय टाकीत घालू नये. मलावीच्या माशांसाठी आर.ओ.चे पाणीही घेऊ नये, कारण पीएच (पाणी किती आम्ल की अल्क याचे माप) स्थिर ठेवणारे क्षारच त्यातून निघून गेलेले असतात.

अमोनियाची गोष्ट मलावी सिक्लिडांच्या बाबतीत अधिक गंभीर आहे, ते का हे सांगायला हवे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, आणि त्यांपैकी मुक्त रूप अधिक घातक आहे. पीएच ७ आणि तापमान २५ अंश असेल तर एकूण अमोनियात त्याचा वाटा जेमतेम अर्धा टक्का असतो. पीएच ८ ला तो सुमारे ५ टक्के, ८.५ ला सुमारे १५ टक्के होतो, आणि त्याच ८.५ ला पाणी ३० अंशांवर गेले तर सुमारे २० टक्के. मलावी सिक्लिडांना पीएच साधारण ७.८ ते ८.६ हवा असतो. त्यामुळे किटवर जो रंग दुसऱ्या एखाद्या टाकीत धोक्याची सूचना वाटेल, तोच रंग या टाकीत, तेही नागपूरच्या मे महिन्यात, प्रत्यक्ष विषबाधेचा असतो.

नागपुरातल्या महाल भागात एका परिचितांच्या घरी मी हे जवळून पाहिले. त्यांची चार फुटांची, सुमारे अडीचशे लिटरची टाकी. संदेश वाचून त्यांनी आठ मासे एकदम वाढवले होते आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली अगदी पांढरा होईपर्यंत धुतला होता. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आणि जोरदार चोळणे, दोन्हींनी स्पंजवरचे जिवाणू गेले असणार. पाणी खरोखर काचेसारखे होते. मी किटचे थेंब टाकले तेव्हा नळीतला पिवळा रंग पाहता पाहता गडद हिरवा झाला, म्हणजे पाण्यात अमोनिया भरपूर होता. एक पिवळी मादी फिल्टरच्या पाइपमागे, डोके वर करून, पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून उभी होती. तिच्या शेपटीच्या टोकांना पांढरे दोरे लोंबत होते. ते म्हणाले, "अहो, पाणी तर पहा किती निर्मळ आहे, मग ही आजारी कशी?" मारामारीत तिच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि अमोनियाने कल्ले भाजलेल्या माशाच्या अंगात जखम भरून काढण्याची ताकद उरलेली नसते. भांडण आणि खराब पाणी हे दोन वेगळे प्रश्न म्हणून पाहणे मला चुकीचे वाटते ते याच कारणाने.

स्पंज धुवायचा तो टाकीतून सायफनने काढलेल्या पाण्यात, हलक्या हाताने पिळून. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच. नवीन टाकीत हे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे एका धुण्याची भरपाई एका दिवसात होत नाही.

बर्फाच्या सूचनेबद्दल थोडक्यात. बर्फाने पाणी झपाट्याने गार होते आणि तो संपला की पुन्हा तापते, असा चढउतार माशांना स्थिर उष्णतेहून अधिक त्रास देतो. त्याऐवजी पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा लावावा. आपला कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे तत्त्व, आणि विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी त्यामुळे दोन ते चार अंशांनी सहज उतरते. पावसाळ्यात मात्र दमट हवेत त्याचा फारसा उपयोग नाही. पाणी २५ वरून ३२ अंशांवर गेले की त्यात मावणारा प्राणवायू लिटरमागे सुमारे ८.२ वरून ७.३ मिलिग्रॅमवर येतो, म्हणून त्या दिवसांत एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) जोरात चालवावा, वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवावा आणि खाणे निम्मे करावे.

महालातल्या टाकीत आम्ही आधी एक तृतीयांश पाणी बदलले, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच, आणि माझ्या फिल्टरमधला जुना मळका स्पंज त्यांच्या फिल्टरमध्ये बसवला. पाच मासे दुकानदाराला परत गेले. दगडांचा ढीग डाव्या कोपऱ्यात उंच रचला. नवव्या दिवशी नळीतले पाणी पिवळे राहिले, आणि त्या संध्याकाळी ती मादी पाइपमागून निघून दगडापाशी खायला आली.