‘होज बसला म्हणजे जागा बरोबर’ हा सल्ला पाळू नका

पुण्यातल्या टेम्पो-ट्रकवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक सल्ला फिरतो आहे. ‘घरी काम केल्यावर कुठला होज कुठे, याची चिंता नको. जिथे घट्ट बसेल तीच त्याची जागा. इंजिन उभ्यावर दहा मिनिटं चाललं की जोडणी बरोबर. तरी तापलं, तर थर्मोस्टॅट काढून टाका.’ (होज म्हणजे रबरी नळी; थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह.) यातलं एकही वाक्य भरवशाचं नाही, आणि शेवटचं तर इंजिन खाणारं आहे.

आधी घट्ट बसण्याचं बघू. डिझेलची फीड (टाकीतून इंजिनकडे नेणारी) आणि रिटर्न (उरलेलं डिझेल टाकीत परत आणणारी) लाइन अनेक गाड्यांत जवळपास एकाच मापाची असते. टाकीत फीडची नळी तळाजवळ पोचते, रिटर्नची बऱ्याचदा वरच संपते. दोन्ही उलट लागल्या तरी फिल्टरमधल्या शिल्लक डिझेलवर इंजिन सुरू होतं. टाकी भरलेली असेल तर रिटर्नचं टोकही बुडालेलं असतं, त्यामुळे गाडी काही काळ धावतेही. पातळी उतरली की पंप हवा ओढतो, इंजिन अडखळून बंद पडतं आणि दोष फिल्टरवर किंवा पंपावर जातो. पार्ट बदलण्याआधी टाकीपासून नळी हाताने धरत फिल्टरपर्यंत या आणि फिल्टरच्या हेडवरच्या बाणाशी ताडून बघा.

रबरही एकच नसतं. कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) होज सहसा ईपीडीएम नावाच्या रबराचा असतो. डिझेल लागलं की तो फुगतो, मऊ पडतो आणि क्लिपखालून निसटतो. डिझेलला नायट्राइल रबराचा लागतो. नाना पेठेत होज घेताना नुसता व्यास सांगू नका, आतून काय वाहणार तेही सांगा.

उभ्यावर दहा मिनिटांत काहीच सिद्ध होत नाही. लोड नसताना डिझेल इंजिन तेवढ्यात नीट तापतही नाही, थर्मोस्टॅट बंदच राहू शकतो. रेडिएटरचा खालचा होज पाण्याच्या पंपाच्या सक्शनकडे (ओढणाऱ्या बाजूला) असतो. आतली स्प्रिंग जुन्या होजमध्येच राहून गेली, तर जास्त आरपीएमला तो चिमटतो आणि इंजिन बंद केल्यावर पुन्हा गोल दिसतो. टर्बोच्या वेस्टगेटची (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेची) नळी काँप्रेसरच्या पुढच्या, दाबाच्या बाजूऐवजी सक्शनला लागली, तर वेस्टगेट उघडत नाही आणि बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) प्रमाणाबाहेर जातो. अंगणात गार असलेली गाडी खंबाटकी घाट चढताना काटा लालात नेते ती अशाने.

आता थर्मोस्टॅट. अनेक इंजिनांत त्याला खाली दुसरी चकती असते. इंजिन तापलं की वरचा व्हॉल्व्ह रेडिएटरची वाट उघडतो आणि ही चकती बायपास बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा राहतो. पाण्याचा बराच भाग रेडिएटर टाळून परत इंजिनात फिरतो, म्हणजे चढावर इंजिन आणखी तापतं. सपाटीवर उलट गरजेपेक्षा गार चालतं आणि डिझेल जास्त जातं.

होज काढल्यावर गाडी तापण्याचं नेहमीचं कारण अडकलेली हवा असतं. रेडिएटरच्या माथ्यावरून एक्स्पान्शन टँककडे (जादा पाण्याच्या टाकीकडे) जाणारा बारीक होज सतत चढता हवा. झोळ पडला तर तिथे पाणी साचून हवेची वाट अडते. इंजिन गार असताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा सोडायचा ब्लीड स्क्रू असेल तर सैल करा आणि कूलंट सावकाश ओता. बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू बंद करा. वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन चालवा, पूर्ण गार होऊ द्या, मग पातळी पुन्हा भरा. गरम असताना झाकण मुळीच उघडू नका: 1 बार दाबाच्या झाकणाखाली पाणी साधारण 120 अंशांपर्यंत उकळत नाही, झाकण सुटताच एकदम उसळतं.

व्हॅक्यूम बूस्टर (ब्रेक पेडलला जोर देणारा) असलेल्या लहान टेम्पोत ब्रेकची नळीही तपासा. तिच्यातला नॉन-रिटर्न (एकाच दिशेने हवा जाऊ देणारा) व्हॉल्व्ह उलटा बसला की ब्रेकला मदत मिळत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा, पाय तसाच ठेवून स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, तर गाडी रस्त्यावर काढू नका.