‘नकार दिला असता तर त्यालाच गोळी घातली असती’ हे खोटं आहे

एनडीएची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्याने परवा एक फॉरवर्ड पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘मावशी, शेवटी हुकूम म्हणजे हुकूम.’ त्यातला दावा असा: नाझी राजवटीत निरपराधांवर गोळ्या झाडायला जो नाही म्हणेल त्यालाच मारत, म्हणजे शिपायांचा नाइलाज होता. शिवाय गोळ्या झाडणाऱ्यांपैकी एकाच्या बंदुकीत खोटं, बिनगोळीचं काडतूस असे; ते आपलंच असेल असं प्रत्येकाला मानता येई, त्यामुळे कुणाच्या मनाला टोचणी लागत नसे. असलं काही पोराच्या डोक्यात भरवलेलं मला सहन होत नाही.

पोलंडमधलं युझेफूव, १३ जुलै १९४२. हॅम्बुर्गची १०१ क्रमांकाची राखीव पोलीस बटालियन, बहुतेक मध्यमवयीन, संसारी माणसं. गावातले धडधाकट ज्यू पुरुष मजुरीसाठी वेगळे काढायचे, बाकी बायका-मुलं-म्हातारे मारायचे. मेजर ट्रॅपने हा हुकूम रडवेल्या आवाजात सांगितला आणि म्हणाला, वयस्करांपैकी ज्यांना झेपणार नाही त्यांनी बाजूला व्हावं. सुमारे ५०० जणांतून जेमतेम डझनभर पुढे आले. पहिल्यावर त्याचा कॅप्टन खेकसला, तर ट्रॅपने कॅप्टनलाच गप्प केलं. त्या सगळ्यांना दुसरी कामं दिली. गोळी एकालाही घातली नाही.

उरलेल्यांनी दिवसभरात सुमारे १,५०० माणसं मारली. प्रत्येक पोलिसाने एकेकाला सोबत चालवत जंगलात न्यायचं, पालथं झोपवायचं, मानेवर संगीन टेकवून नेम धरायचा. इथे कसलं आलंय खोटं काडतूस! काहीजण पहिल्या फेरीनंतर झाडांत सटकले. रात्री दारू वाटली गेली.

इतिहासकार ख्रिस्टोफर ब्राउनिंग यांनी या पोलिसांचे १९६० च्या दशकातले जबाब तपासले. ते लिहितात, युद्धानंतरच्या शेकडो खटल्यांत एकाही आरोपीला किंवा वकिलाला असं एक उदाहरण सिद्ध करता आलं नाही, की निःशस्त्र नागरिकांना मारायला नकार दिला म्हणून जबर शिक्षा झाली. भीती होती ती सोबत्यांची. ते भेकड म्हणतील, आपल्या वाटचं घाण काम त्यांच्यावर पडेल, ही.

जर्मन सैन्याने स्वतःचे हजारो सैनिक मारले, एवढं मान्य. पण ते मुख्यतः पळून गेल्याबद्दल. फॉरवर्डवाल्याने दोन्हींची सरमिसळ केली आहे.

आणि भाचेबुवा, ज्या गणवेशाची स्वप्नं बघतोस त्याचा कायदाही वाच. १९५० च्या आर्मी ॲक्टचं कलम ४१ शिक्षा सांगतं ती वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम मोडल्याबद्दल. नुसता हुकूम मोडल्याबद्दल नाही.