देवापुढं वाकणं सोपं, जाऊबाईपुढं अवघड

आमच्याकडं चर्चमध्ये प्रार्थनेला उभा राहिलेला प्रत्येक माणूस "प्रभू, मी धूळ आहे, मी काहीच नाही, सगळं तूच" असं म्हणतो आणि उपासना सुटल्यावर त्याच माणसाला कुणीतरी "काका गाडी जरा मागं घेता का, माझी अडकलीय" म्हटलं की बघा कसा बघतो ते. आपण हसून सोडून देतो, कोल्हापूरचं पाणीच तसं म्हणून. तालमीत असो, पेठेत असो नाहीतर गल्लीतल्या मंडळात, मान ताठ ठेवणं हा इथं गुणच धरला जातो, आणि आम्ही ख्रिस्ती लोक काय आभाळातनं पडलो नाही, आम्ही पण ह्याच तांबड्या पांढऱ्यावर वाढलोय. त्यात जुन्या घराण्यांचा वेगळाच तोरा. मिशन इथं १८५२ ला आलं, आणि तेव्हापासूनचा हिशोब काढून "आमचं घराणं पहिल्यापासनं" असं सांगणारे लोक आहेत, त्यांच्या ठरलेल्या बाकावर नवीन विश्वासी कुणी बसला तर आख्खी उपासनाभर मागनं नुसतं खाकरणं चालू.

मला वाटतं देवापुढं नम्र व्हायला फार काही लागत नाही. तो समोर दिसत नाही, उलट बोलत नाही, पाहुण्यारावळ्यांत जाऊन आपलं काही सांगत नाही. आणि त्याच्यापुढं लहान झाल्यानं गल्लीत किंमत कमी होत नाही, उलट वाढते, लोक म्हणतात लई प्रार्थनाशील माणूस. गोची होते ती जाऊबाईपुढं, धाकट्या भावापुढं, आणि ज्या पोराला आपण संडे स्कूलला वचनं पाठ करायला लावली तो आता कमिटीत बसून आपल्यालाच हिशोब विचारतो त्याच्यापुढं.

बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानात ५ व्या अध्यायात येशू म्हणतो की तू वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथं तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर आणि मग ये. हे वचन शंभर वेळा ऐकलंय सगळ्यांनी पण नीट बघा, "तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल" असं नाहीये ते. त्याच्या मनात आहे. म्हणजे चूक कुणाची हा प्रश्नच तिथं काढलेला नाही, तो रुसलाय एवढं तुला आठवलं की बास, उठायचं. आणि हे ऐकणारी माणसं बरीचशी गालीलातली होती, वेदी होती यरुशलेमात, मधे शंभर सव्वाशे किलोमीटर. म्हणजे आपल्या कोल्हापुरातनं साताऱ्यापर्यंत चालत जायचं, तिथं गेल्यावर भाऊ आठवला तर परत कोल्हापूरला चालत यायचं आणि समेट करून पुन्हा सातारा. ऐकणाऱ्यांना ते किती अवघड वाटलं असेल बघा. आपल्या इथं तर भाऊ तीन बाकं पुढं बसलेला असतो!

माझ्या माहितीत दोन सख्खे भाऊ आहेत, नावं गावं सांगत नाही, घराच्या मधल्या भिंतीवरनं बोलणं बंद. एक डावीकडं बसतो एक उजवीकडं, दोघंही प्रभुभोजन घेतात, एकाच ताटातली भाकर, आणि दोघांना विचारलं तर दोघंही म्हणतात "माझ्या मनात काही नाही, मी माफ केलंय त्याला". आता दोघांनी माफ केलंय तर मग बोलत का नाही ओ? तर म्हणे त्यानं आधी यावं. माफी अशी वरनं खाली टाकायची गोष्ट झाली की ती पण एक मोठेपणाच होतो, मी माफ करणारा आणि तू माफ होणारा. त्यापेक्षा सरळ भांडण बरं, निदान दोघं एका पातळीवर तरी असतात.

प्रेषित पौलानं फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या, म्हणजे फिलिप्पैकरांस पत्रातला २ रा अध्याय आपल्याकडं नम्रतेवरच्या प्रत्येक संदेशात येतो, ख्रिस्तानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं वगैरे. पण तेच पत्र पुढं ४ थ्या अध्यायापर्यंत वाचलं की कळतं की त्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, दोन बायकांचं वाजलेलं होतं, युवदीया आणि सुंतुखे. पौल तुरुंगातनं लिहितोय आणि तिथनं तो दोघींना नावानं विनंती करतो, एकीला वेगळी आणि दुसरीला वेगळी, कोण चुकलं ते सांगतच नाही. वर आणखी एका सोबत्याला म्हणतो की ह्यांना मदत कर, ह्या सुवार्तेच्या कामात माझ्या खांद्याला खांदा लावून झटल्यात. म्हणजे एवढं मोठं ख्रिस्ताचं वर्णन लिहिलं ते काय हवेत नाही लिहिलं, महिला मंडळातल्या भांडणासारखं भांडण चालू असलेल्या मंडळीला लिहिलंय. मला हे वाचून फार बरं वाटतं खरं सांगायचं तर.

आणि पौल स्वतः काय साधा नव्हता. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये त्याचं बर्णबा ह्या सोबत्याशी मार्क नावाच्या पोरावरनं एवढं कडाक्याचं झालं की दोघं वेगळे झाले. मार्क आधीच्या दौऱ्यात पंफुल्यातनं सोडून गेला होता म्हणून पौल म्हणाला हा नको, बर्णबाचा तो नात्यातला म्हणून बर्णबा म्हणाला पाहिजेच. मग कित्येक वर्षांनी तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात शेवटी पौल लिहितो की मार्काला सोबत घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. ह्या एका ओळीवर मी तासभर बोलू शकते. ज्या पोराला सगळ्यांसमोर नको म्हटलं त्याच्याबद्दल लेखी सांगायचं की तो मला लागतो! आपल्याकडं एकदा कुणावर "हा असलाच" असा शिक्का मारला की त्याच्या पोरांच्या लग्नापर्यंत तो पुसत नाही.

आता एक दुसरी बाजू, आणि ह्यावर काही लोक चिडणार, चिडू देत. नम्रता नेहमी कुणाला शिकवली जाते? सुनेला. बायकोला. लग्नात पौलाच्याच इफिसकरांस पत्राचा ५ वा अध्याय वाचतात तेव्हा सुरुवात २२ व्या वचनापासनं, पत्नींनो अधीन असा. त्याच्या बरोबर वर २१ वं वचन आहे, "एकमेकांच्या अधीन असा", ते वाचताना मी फार कमी वेळा ऐकलंय. अहो, फिलिप्पै २ मध्ये खाली उतरला तो कोण होता? जो सगळ्यात वर होता तो. आधीच जी तळाला आहे तिला आणखी खाली कुठं ढकलताय? आपल्या कोल्हापूरला तरी हे वेगळं समजवायला लागू नये, शाहू महाराज त्या काळी अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात चहा प्यायला जायचे, गादीवरचा माणूस उठून गेला, गंगारामांना कुणी सांगितलं नाही की तुम्ही जरा नम्र व्हा. आणि मार खाणाऱ्या बाईला "सहन कर, प्रभूनं पण सहन केलं" म्हणणाऱ्यांनी योहान १८ उघडावं. महायाजकापुढं शिपायानं थोबाडीत मारली तेव्हा येशू गप्प बसला नाही, त्यानं विचारलं की मी चुकीचं बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस. इतक्या सरळ विचारणारा माणूस नम्र नव्हता असं म्हणायची कुणाची टाप आहे?

येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्या गोष्टीत पण आपण येशूचं तेवढं बघतो, त्याच्या शिष्याचं, पेत्राचं बघत नाही. पेत्र म्हणतो तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. दिसायला किती नम्र! पण घेता न येणं हा पण ताठाच. २०१९ च्या महापुरात आमच्या ओळखीचं एक घर पाण्यात गेलं, आयुष्यभर दुसऱ्यांना डबे देणारी बाई, सगळ्यात आधी मदतीला धावणारी, तिला दुसऱ्याची साडी नेसायची वेळ आली तर दोन दिवस ओल्या कपड्यात बसली पण हात पुढं केला नाही. देणाऱ्याचा हात वर असतो, त्याची सवय झाली की खालचा हात जड होतो. शेवटी ज्या पोरीला ती कायम जुने कपडे द्यायची तिच्याच घरची साडी नेसली, आणि त्यानंतर त्या दोघींचं जे काही जमलंय ते आधी कधीच नव्हतं, आता ती पोरगी तिला उलट पण बोलते, खरंच.

आणि माफी मागायचीच तर बायबलातल्या जक्कय जकातदारासारखी मागा. "काही चुकलं माकलं असेल तर पदरात घ्या" हे आपलं लग्नाच्या आभारातलं वाक्य झालं. जक्कय आकड्यात बोलला, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. भिंतीचं भांडण असेल तर किती फूट ते बोला, दागिन्याचं असेल तर कुठला दागिना ते बोला.

तर माझं म्हणणं मंडळीत मी मांडणारच आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारची प्रार्थना सभा एकदा रद्द करूया आणि त्या वेळात ज्याच्याशी बोलत नाही त्याच्या घरी प्रत्येकानं जाऊन यायचं, नुसता चहा घेतला तरी चालेल. काही बायका लगेच तयार झाल्या, एक म्हणाली मला एका संध्याकाळी चार घरं कशी व्हायची. कमिटीतल्या एका काकांना सहज सांगितलं तर ते म्हणाले, मग शनिवारचं अर्पण बुडतंय की. रविवारी घ्या की काका, कोण नको म्हणतंय.